वास गेला की

बाबा नाकावर जगले.
पावण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं, तिन्ही पाळ्या,
गेटच्या आत पाऊल टाकताच सांगायचे,
आज दोन नंबरची झडप गळतेय.
क्लोरीन म्हणजे नुकती पुसलेली दवाखान्याची लादी,
अमोनिया आधी घशाला कळतो,
आणि कापलेल्या गवताचा वास आला कारखान्यात,
जिथे गवताची काडी नाही,
तर तोंडाला रुमाल लावून वाऱ्याच्या उलट दिशेनं निघायचं.

मी त्यांचीच. मला नाक लागत नाही कामाला.
घणसोलीत, सिडकोच्या चौथ्या मजल्यावर,
रात्री दोन वाजता, पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून
मी चाळीस प्रकाशवर्षांपलीकडची हवा हुंगते.
हुंगते म्हणजे वजाबाकी करते.

एक लाल, खुजा, चिडका तारा.
दर तीन दिवसांनी त्याच्यासमोरून
एक खडकाळ गोळा सरकतो. पन्नास मिनिटं.
तारा किंचित मंदावतो, शंभरात अर्धा,
आणि त्या अर्ध्याच्याही काठाला,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ,
हवा असलीच तर असते.
तिच्यातून गाळून येणारा उजेड
काही रंग तिथेच ठेवून येतो.
कोण गैरहजर, त्यावरून वायू ओळखायचा,
हजेरीपटावरच्या लाल फुलीवरून माणूस ओळखावा तसा.
दहा लाखांत वीस-पंचवीस कण कमी.
एवढ्या भांडवलावर माझी पीएच.डी.

पहिल्या अधिक्रमणात पाणी दिसलं.
आईनं शिरा केला.
पंधरा दिवसांनी कळलं, वाफ होती खरी,
पण ताऱ्याच्याच थंड डागांमधली.
बाबा हसले नाहीत.
"आपल्याच सदऱ्याला वास असतो गो बाय,
आधी सदरा बदल, मंग हुंग."
मी डाग वजा केले. तीन महिने लागले.

आता पाच अधिक्रमणं एकावर एक ठेवली आहेत
आणि रेषा सपाट आहे.
ओहोटीच्या खाडीसारखी, जिथे आजोबांचं खाजण होतं
आणि आता बिनखिडक्यांचं डेटा सेंटर घुमतं रात्रभर.
कार्बन डायऑक्साइडच्या जागी एक उंचवटा हवा होता.
नाही.
फिलोमिना मॅडम लिहितात: निष्कर्ष मांडून टाक,
वातावरण आढळले नाही.
मी 'आढळले' या शब्दापाशी अडते.
तो खोडला की वाक्य किती सोपं होतं,
आणि किती खोटं.

कारण मला गायकरकाकांची गोष्ट माहीत आहे.
टाकीत उतरले. कुजक्या अंड्याचा वास येतोय म्हणाले.
वरून बाबांनी विचारलं, अजून येतोय?
"गेला," ते म्हणाले, "आता काय नाय."
पुढे काही बोलले नाहीत.
तो वायू फार झाला की आधी नाकालाच मारतो.
तेव्हापासून बाबांचा एकच नियम,
नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचे:
वास आला तर बघू. वास गेला की पळायचं.

सपाट रेषा म्हणजे नागडा खडक,
एका बाजूला कायमची दुपार, दुसरीकडे कायमची रात्र,
वर काही नाही, ताऱ्यानं केव्हाच ओरबाडून नेलेलं.
किंवा
इतके दाट, इतके उंच ढग
की उजेडाला आत शिरताच येत नाही,
आणि खाली काय काय शिजत असेल.
दोन्हींची रेषा एकच.

पहाटे दूध करपतं.
बाबा ओट्यापासून दोन हातांवर बसलेत, पेपर वाचत.
निवृत्तीनंतर त्यांचं नाक गेलं, सावकाश,
कोणता वायू शेवटचा होता ते त्यांनाही सांगता येत नाही.
मी धावत जाऊन गॅस बंद करते.
ते चष्मा वर सरकवतात, लॅपटॉपकडे हात करतात.
"हवा हाय का नाय गो त्या गोल्याला?"

वास नाही येत, मी म्हणते.

ते पेपरची घडी घालतात, जुन्या पाळीतल्या माणसासारखे
एकदम सावध.
मी अर्ज उघडते. आणखी चार अधिक्रमणं.
कारण, या रकान्यात काय लिहावं कळत नाही.
घरभर करपल्याचा वास आहे,
आणि तो एकटीलाच येतोय मला.